वेग वाढला, ब्रेक कोणता घ्यावा?

श्रोतेहो, सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली, की आपल्या जिल्ह्यातले रस्ते पांढरे दिसू लागतात. वणी, राळेगाव, पांढरकवडा, आर्णी, कुठल्याही जिनिंगच्या वाटेला लागा. पुढे शिगोशीग भरलेली ट्रॉली, तिच्या मागे मोटारसायकली, आणि त्या सगळ्यांना ओलांडू पाहणारी एखादी मोटार. पूर्वी याच वाटेने बंडी जात असे. बंडीचा वेग बैलाच्या पावलाइतका. उतार आला की बैल अंग मागे रेटून भार तोलीत, गडी खाली उतरून मागून बंडी धरी, आणि तेवढ्याने भागत असे.

आता तेवढ्याने भागत नाही. वर्ध्याहून कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड करीत नांदेडकडे जाणारा महामार्ग रुंद झाला आहे. गाड्यांचा वेगही त्याच्यासोबत वाढला. घरात नवी गाडी आली की शेजारी विचारतो, "किती पळते?" किती अंतरात थांबते, हे कुणी विचारीत नाही. आणि गाडीचा ब्रेक बदलायची वेळ आली, की दुकानदार जे काउंटरवर ठेवील ते आपण मुकाट्याने घेऊन येतो. म्हणून आजचे बोलणे ब्रेकच्या निवडीविषयी आहे. म्हणजे ती फिरणारी चकती, जिला आपण डिस्क म्हणतो, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे पॅड, यांच्याविषयी.

आधी एक गोष्ट समजून घेऊ या. ब्रेक गाडी थांबवितो असे आपण म्हणतो. नीट पाहिले तर तो गाडीच्या गतीची उष्णता करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. थंडीच्या दिवसांत आपण तळहात तळहातावर घासतो, तोच हा प्रकार. जी चकती आणि जे पॅड जास्त उष्णता झेलतील आणि ती लवकर टाकून देतील, ते चांगले. रंग कोणता, भोके किती, डबीवर चित्र कुणाचे, हे सगळे त्याच्या नंतरचे.

शिक्षक मित्रांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडावे. मुलांना गतिज ऊर्जेचे सूत्र पाठ असते, पण ते आपल्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलला लागू पडते हे त्यांना कुणी दाखविलेले नसते. मोटारसायकल आणि वर दोन माणसे मिळून २८० किलो धरा. ताशी ६० किलोमीटर वेग, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडा जास्त. ही गाडी पूर्ण थांबविली तर सुमारे ३९ हजार ज्यूल उष्णता होते. पुढची पोलादी चकती एक किलोची आहे आणि सारी उष्णता तिच्यातच गेली असे समजू. प्रत्यक्षात थोडी मागच्या ब्रेकला आणि थोडी हवेला जाते, पण हिशेबापुरते समजू. एका ब्रेकला ती चकती सुमारे ८५ अंशांनी तापेल. आता वेग दुप्पट करा, ताशी १२०. उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. चकती ३४० अंशांनी तापेल. वैशाखात यवतमाळची हवाच ४४ अंशांवर असते, ती गोष्ट वेगळीच.

ब्रेक फार तापला की काय होते? पॅडची पकड सुटू लागते. पाय तितक्याच जोराने दाबलेला असतो, पण गाडी ऐकत नाही. मेकॅनिक मंडळी याला 'ब्रेक फेड झाला' म्हणतात. आणि हे सपाट रस्त्यावर एखाद्या वेळच्या ब्रेकने सहसा होत नाही; ते लांब उतारावर होते.

आपले यवतमाळ शहर पठारावर वसलेले आहे. इथून वर्धा नदीकडे जा की पैनगंगेकडे, कुठे ना कुठे रस्ता उतरणारच. ट्रॅक्टर दोन टनांचा, ट्रॉली दीड टनाची आणि माल ३५ क्विंटल. सगळे मिळून सात टन झाले. एवढे वजन १०० मीटर उंचीवरून खाली आणताना सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर जी उष्णता होते तिच्यावर २२ लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. विचार करा, २२ लिटर! चुलीवर एवढे पाणी तापवायला किती सरपण लागते हे घरातल्या बाईमाणसाला विचारा. ती सारी आच त्या ब्रेकच्या चार-दोन चकत्यांना सोसायची असते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, की ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनाला भार धरू द्या. दहा रुपयांचे डिझेल वाचवायला गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडणारा माणूस बैलांची जुंपणी सोडून बंडी उतारावरून ढकलून देतो असेच म्हणायचे.

यात आणखी एक गोम आहे. सात टनांपैकी ब्रेक आहे तो फक्त दोन टनांच्या ट्रॅक्टरला. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. रिकामा ट्रॅक्टर सात मीटरांत थांबत असेल, आणि थांबविणारे बळ तेवढेच राहिले, तर ट्रॉलीसकट तोच पंचवीस मीटर घेईल. आणि उतारावर जोराने ब्रेक मारला तर मागचे पाच टन पुढच्या दोन टनांना ढकलतात. ट्रॅक्टर आडवा होतो तो असा. रेल्वेने हा प्रश्न केव्हाच सोडविला. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला, आणि त्यातून पुढे गाडीच्या प्रत्येक डब्याला आपापला ब्रेक मिळाला. ज्याचे वजन त्यानेच थांबवावे, हा त्यातला साधा न्याय. ट्रॉली नवी बनवून घेत असाल तर तिच्या रंगावर आणि नावाच्या पाटीवर खर्च करण्याआधी तिला ब्रेक बसवून मागा. ट्रॅक्टरवरून चालणारे तेलाच्या किंवा हवेच्या दाबाचे ब्रेक ट्रॉलीला बसविता येतात.

ट्रॅक्टरचेच बोलतो आहोत तर दोन पायडलांचे सांगून टाकतो. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. वावरात धुऱ्याशी वळताना एकच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. सोय मोठी आहे. पण सडकेवर, भरलेली ट्रॉली मागे असताना, घाईत एकच पायडल दाबले गेले तर ट्रॅक्टर त्या बाजूला झेप घेतो आणि उलटतो. दोन्ही पायडल जोडणारी कडी कंपनीने दिलेली असते. वावरातून निघून सडकेला चाक लागले की ती कडी लावायची. कडी गंजून गेली आहे, किंवा हरवून तिथे तार बांधली आहे, असे ट्रॅक्टर तुमच्याही गावात असतील. आजच जाऊन बघा.

नवा ट्रॅक्टर घेताना ब्रेक दोन तऱ्हांचे मिळतात. एक कोरड्या चकत्यांचा, दुसरा तेलात बुडालेल्या चकत्यांचा. कोरडा स्वस्त, गावातला मिस्त्रीही उघडून दुरुस्त करू शकतो; पण आपल्या काळ्या जमिनीचा चिखल आणि पाणी आत शिरले की त्याची पकड जाते आणि चकत्या लवकर झिजतात. तेलातला महाग, उघडायला अवघड. पण चकत्या बंद पेटीत असतात, उष्णता तेल वाहून नेते, आणि तो पुष्कळ वर्षे टिकतो. मात्र तेल कंपनीने सांगितलेल्याच जातीचे हवे. ज्यांची वाहतूक जास्त, म्हणजे हंगामभर जिनिंगला फेऱ्या, त्यांनी दोन पैसे जास्त देऊन तेलातलाच घ्यावा असे माझे मत आहे. केवळ वखरणी-पेरणीपुरता ट्रॅक्टर असेल तर कोरडाही चालेल. मध्य प्रदेशात बुदनी येथे सरकारची ट्रॅक्टर-चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात ब्रेकच्या चाचणीचेही आकडे असतात. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. गावात इंग्रजी वाचणारे गुरुजी असतात. त्यांच्याकडून ते पान वाचून घ्या.

आता मोटारीकडे आणि मोटारसायकलीकडे वळू. पॅडची कुळकथा मोठी गमतीची आहे. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेन्झ नावाची बाई नवऱ्याने बनविलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, शंभरेक किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. वाटेत उतारावर लाकडी ब्रेक झिजला. तिने एका गावात मोच्याला गाठून त्यावर चामडे ठोकून घेतले. पॅडची सुरुवात ही अशी मोच्याच्या ऐरणीवर झाली. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने डोंगराळ भागातले गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात हे पाहिले, आणि त्यावरून १८९७ मध्ये ब्रेकच्या अस्तरांचा धंदा काढला, अशी हकीकत सांगतात. चकतीच्या ब्रेकचे पेटंट लँचेस्टर या इंग्रज कारागिराने १९०२ साली घेतले. पण त्याच्या पॅडला तांबे होते, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजे. चकती बरोबर होती, पॅड चुकीचा होता. पुढे १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चकतीचे ब्रेक लावलेली जग्वार गाडी जिंकली, आणि मग जगाने ते ब्रेक उचलून धरले.

त्या शर्यतीच्या गाड्यांनीच आज एक घोटाळा केला आहे. शहरातली हौशी मंडळी आपल्या मोटारीला मोठ्या, भोके पाडलेल्या, खाचा मारलेल्या चकत्या बसवून घेतात. ते पाहून आपली कॉलेजात जाणारी पोरेही मोटारसायकलला तसेच काही शोधतात. त्यांना रागावू नका, समजावून सांगा. चकती मोठी केली तर दोन गोष्टी होतात: चाक धरण्याचा जोर वाढतो, आणि उष्णता साठवायला जास्त लोखंड मिळते. पण गाडी अखेर थांबते ती टायरच्या आणि रस्त्याच्या पकडीवर. तुमचा आजचाच ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जाम करू शकत असेल, तर त्याहून जबर ब्रेक लावून गाडी एक हातही अलीकडे थांबणार नाही. मोठ्या चकतीचा उपयोग पुन्हा पुन्हा, वेगावरून ब्रेक मारायचे असतील तेव्हा. घाटात, लांब महामार्गावर, शर्यतीत. आणि भोके? पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटे, तो निघून जायला ती पाडीत. आजच्या पॅडना त्याची तेवढी गरज राहिली नाही. भोके पाडल्याने लोखंड कमी होते, आणि मोटारीच्या बिडाच्या चकतीला फार तापल्यावर भोकाच्या कडेला तडे जाऊ शकतात. खाचांनी पॅड लवकर झिजतो. तेव्हा रस्त्यावर चालवायच्या मोटारीला कंपनीच्या मापाची साधी चकती घ्यावी. पुढच्या चाकांना पोकळ, म्हणजे दोन पाळ्यांमधून हवा खेळणारी असेल तर ती तशीच घ्यावी. वाचलेले पैसे चांगल्या पॅडला आणि चांगल्या टायरला लावावेत.

टायरचे मी मुद्दाम म्हटले. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती सडकेवर येते. तिच्यावर चार थेंब पडले की डांबर लोणी लावल्यासारखे होते. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून चौदा-पंधरा मीटरांत थांबत असेल, तर निसरड्यावर तिला तीसच्या वर लागतात. शिवाय दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी चौदा मीटर. जगातला कोणताही महागडा पॅड ही मातीची गोष्ट बदलू शकत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. ते चाक जाम होऊ देत नाही, म्हणून गाडी घसरून पडत नाही. पण निसरड्यावरचे अंतर तेही फारसे तोडू शकत नाही. आणि खेड्यात अजून एक समज आहे, की पुढचा ब्रेक मारला की माणूस उडतो. म्हणून कितीतरी जण नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवितात. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते, आणि मागचे चाक हलके होते. खरे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकदम लावावेत, पुढचा हळूहळू दाबत न्यावा.

पॅड निवडताना तीन जाती लक्षात ठेवा. एक राळ आणि तंतूंचे मऊ पॅड. आवाज कमी, चकतीला सौम्य, पण ताप कमी सोसतात. दुसरे धातूचा चुरा मिसळलेले. ताप जास्त सोसतात, थोडा आवाज करतात. तिसरे, धातूची भुकटी दाबून भाजून केलेले. पावसात आणि चिखलातही पकड देतात, मात्र चकती त्यांच्या जोडीची हवी, नाहीतर ते तिला खाऊन टाकतात. शर्यतीचे पॅड म्हणून आणखी एक माल मिळतो. तो पुष्कळ तापल्यावरच धरतो. सकाळी गोठ्यातून गाडी काढली आणि पहिल्याच वळणावर म्हैस आडवी आली, तर तो थंड पॅड तुम्हाला दगा देईल. आपल्या रस्त्यांवर तो नको.

काही मोटारींच्या पॅडच्या पाठीवर इंग्रजी दोन अक्षरे छापलेली असतात: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिले अक्षर साध्या तापमानाची पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. ई पेक्षा एफ जास्त, एफ पेक्षा जी. अक्षरे वेगवेगळी असतील, म्हणजे एफई असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो असे समजावे. घाटातून माल नेणाऱ्या जीपला दोन्ही अक्षरे एफ तरी असावीत. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब डब्याही येतात; बिलाशिवाय पॅड घेऊ नका, आणि 'अर्ध्या किमतीत तोच माल' असे कुणी म्हणाले तर तो तोच माल नसतो.

चकती किती झिजू द्यायची? तिच्या अंगावरच कमीत कमी जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. गॅरेजवाल्याला मापून दाखवायला सांगा. त्याच्या खाली गेलेली चकती खरादावर घासून चकचकीत करून दिली तरी ती निकामीच. पातळ चकतीत उष्णता मावत नाही. एका बाजूची बदलली तर दुसऱ्या बाजूचीही बदलावी, नाहीतर ब्रेक लागताच गाडी एकीकडे ओढते. पॅडवर झिजेची खाच असते. ती पुसली गेली की पॅड संपला. मोटारीला तीन मिलिमीटर उरले की बदलून टाकावा. मुलांना शाळेत ने-आण करणाऱ्या जीपा आणि व्हॅन आता पुष्कळ गावांत आहेत. पालकांच्या बैठकीत फीची चर्चा होते. गुरुजींनी तिथेच गाडीवाल्याला पॅड आणि चकती शेवटची केव्हा मापली, हेही विचारावे.

ब्रेक ऑइलचे थोडक्यात सांगतो, कारण त्याकडे कुणी पाहत नाही. ते हवेतले पाणी शोषून घेते. डॉट तीन जातीचे नवे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले १४० अंशांवरही उकळू शकते. डॉट चार असेल तर हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायडल जमिनीला टेकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे; बाटली सीलबंद घ्यावी. त्यात इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, आणि ब्रेकची रबरे डिझेलमध्ये धुऊ देऊ नयेत. रबर फुगते आणि ब्रेक अडकतो.

गॅरेजमध्ये काम करणारी पोरे ब्रेक उघडला की आतली काळी भुकटी तोंडाने फुंकून उडवितात. हे थांबविले पाहिजे. जुन्या पॅड-लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि आजही स्वस्त मालात काय आहे याची खात्री नसते. तिचे कण छातीत बसले की ते पुन्हा निघत नाहीत, आणि त्याचा रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. ओल्या फडक्याने पुसावी, फडके फेकून द्यावे.

नवे पॅड बसविल्यावर पहिले शे-दोनशे किलोमीटर जपून चालवा. मोकळ्या सडकेवर मध्यम वेगावरून गाडी हळू करा, पूर्ण थांबवू नका, मधे थंड होऊ द्या. असे पंधरा-वीस वेळा केले की पॅड आणि चकती एकमेकांना बसतात. आणि गाडी ताब्यात घेताना एक करा. पॅड बदलताना आतले दट्टे मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला पायडल किंवा लिव्हर रिकामेच खाली जाते, ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या दारातच, गाडी हलविण्याआधी, ते चार-पाच वेळा दाबा. पायाला टणक लागले, की मग चावी फिरवा.